कडू दाणा ताटात नको

वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालते. याच ओल्या महिन्यांत आपल्या घरातल्या शेंगदाण्याला बुरशी धरते. कूट करताना कुबट वास येतो, एखादा दाणा कडू लागतो. तरी “भाजले की जाईल” म्हणत आपण सगळे तव्यावर टाकतो. उपाशी दिवस काढलेल्या आपल्या आज्यांनी शिकवले की अन्नाचा कण वाया घालवू नये. शिकवण खरीच आहे. पण बुरशी लागलेला दाणा हे अन्न नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. भाजल्याने बुरशी मरते, विष मात्र बरेचसे तसेच राहते. रोज थोडे थोडे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस-बी असलेल्यांना तर हा धोका कितीतरी पटीने जास्त. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर हीच बुरशी आली. गरीब आदिवासी घरांकडे खायला दुसरे काही नव्हते. ३९७ जण कावीळ आणि पोटात पाणी होऊन आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले.

शेंगदाण्यात सुरुवात शेतातच होते. शेंगा भरताना पावसाने ताण दिला, किडीने टरफल पोखरले किंवा काढताना शेंग फुटली, की बुरशी आत शिरते. शेंगा नीट न वाळवता पोत्यात भरल्या, पोती गोदामात ओल्या जमिनीवर ठेवली, की ती वाढते. पुढे मालाची निवड होते. टपोरा दाणा चांगल्या भावाने मोठ्या दुकानात जातो. फुटका, सुरकुतलेला, डागी दाणा स्वस्तात सुटा विकला जातो आणि बऱ्याचदा तो आपल्या वस्तीत येतो.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्यापाक्या तुकड्यांची भीक सोडायला सांगितले. तो प्रश्न पोटाचा होता तसाच माणुसकीचाही होता. आज पैसे मोजूनही दुसऱ्यांनी नाकारलेला माल आपण मुकाट्याने का घ्यावा?

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार, खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसे सांगून, फी भरून ग्राहकालाही माल तपासून घेता येतो. माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. एकट्याला हे जड जाईल, विहार समितीला जाणार नाही. दुकानदार ऐकत नसेल तर समितीने अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. अंगणवाडीच्या खाऊतला दाणा मातांनी स्वतः पाहावा. शक्य असेल तिथे चार-सहा घरांनी मिळून वाळलेल्या शेंगा घ्याव्यात. टरफलात दाणा जास्त सुरक्षित राहतो.

घरी एवढे करू या. पावसाळ्यात आठवड्यापुरतेच दाणे आणावेत. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवावेत. कूट करण्याआधी ताटात पसरून निवडावेत. काळे, डागी, सुरकुतलेले दाणे काढून टाकावेत. सगळ्यालाच कुबट वास असेल तर सगळेच टाकावेत, कोंबड्या-शेळ्यांनाही घालू नयेत. तोंडात कडू लागला तर लगेच थुंकावा, लहान मुलांनाही तसे शिकवावे. बाळाला हिपॅटायटिस-बीची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती चुकवू नये.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ती पारख दाण्यापासूनच सुरू करू या. मूठभर दाणे फेकताना जीव हळहळेल, पण लेकरांचे यकृत त्याहून मोलाचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!