वसंत ऋतूच्या निबंधात आमचा मोती का नाही?



मार्च महिना आला की मुलांच्या वह्यांमध्ये एकच वसंत फुलतो. वसंत हा ऋतूंचा राजा, सगळीकडे हिरवळ, आंब्यावर गाणारी कोकिळा. चाळीस वह्या तपासा, चाळीस वेळा तेच. त्यात मुलांचा दोष नाही. फळ्यावर मुद्दे आपणच लिहून देतो. मीही कितीतरी वर्षं दिले. त्यातली एक वही मात्र मी विसरू शकत नाही.

चौथीतली मुलगी. घर वरशाच्या डोंगराकडच्या बाजूला, मागे परसबाग आणि पुढे रान. तिने लिहिलं होतं, "आमच्याकडे वसंतात पानं पडतात. विहीर खाली जाते. आई भांड्याचं पाणी अळूला घालते. मी सकाळी भेंडीला पाणी घालते. मोती माझ्या पुढे चालतो. वानर आले की मोती भुंकतो. मी त्याला ओढलं तेव्हा त्याचा दात लागला. आजीने चूना लावला."

मी काय केलं? 'चूना'भोवती लाल गोल काढला, वर 'चुना' लिहिलं. शेवटी शेरा दिला, 'विषयाला धरून लिही.' दहापैकी चार गुण.

वह्या परत दिल्या त्या दिवशी ती टेबलाशी आली. "बाई, मार्क कमी का?" वही पुढे करणाऱ्या तिच्या मनगटावर दाताची खूण होती. चार दिवसांपूर्वीची! मोतीला कधी लस दिलेलीच नव्हती. मी त्याच दुपारी तिच्या वडिलांना बोलावलं आणि आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेलं. इंजेक्शनं सुरू झाली, सगळे डोस पूर्ण झाले. मुलगी ठणठणीत आहे, मोतीही आहे. पण खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी शब्दातला उकार पाहिला होता, वाक्य वाचलंच नव्हतं.

वरशाचा वसंत तिनेच बरोबर लिहिला होता

आता तिचा निबंध पुन्हा वाचून बघा. रोहा शहराला लागून असलेल्या या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो धो पाऊस पडतो, पण मार्चमध्ये साग आणि ऐन उघडेबोडके उभे असतात. पायाखाली पाचोळा वाजतो. शेतातला वाल निघून गेलेला, पोपटीचे दिवस संपलेले, राब भाजल्याचा धूर अधूनमधून दिसतो. या सुक्या रानातच काटेसावर, पळस आणि पांगारा लाल-केशरी होतात. कुसुंबाची नवी पालवी तर फुलासारखी लाल असते. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात. म्हणजे आपला वसंत हिरवा कमी आणि लाल जास्त! आणि ती 'गाणारी कोकिळा'? कुहूकुहू करतो तो नर, म्हणजे कोकीळ. हे आपण वर्षानुवर्षं चुकीचं लिहून घेतो आणि त्याला पूर्ण गुण देतो.

'पानं पडतात' यात अख्खा धडा आहे. पाण्याची टंचाई असते तेव्हा झाड पानं गाळतं, कारण पानांतून पाणी बाहेर जातं. तोच पाचोळा भेंडीच्या आणि दुधीच्या आळ्यात पसरला की ओल टिकते, खालची माती थंड राहते आणि पावसाळ्यानंतर त्याचं खत होतं. आपण मात्र तो गोळा करून काडी लावतो. वाऱ्याच्या दिवसांत अशी एक काडीसुद्धा वणव्याला पुरते. भांड्यांचं पाणी अळूला घालणारी आई पाण्याचा पुनर्वापर रोज शिकवते, फक्त तो शब्द वापरत नाही.

आणि मोती? रान सुकलं की वानरं आणि रानडुकरं खाण्यापाण्यासाठी वस्तीकडे येतात. परसबाग राखायची तर कुत्रा लागतो. तो दुपारी जीभ बाहेर काढून धापा टाकतो, कारण माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. त्याला सावली आणि पाण्याचं भांडं हवं. तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचेही पाय भाजतात. रानातून आला की कानामागे गोचीड बघावी लागते. रात्री त्याला अंगणात बांधून ठेवलं तर बिबट्याचं भय. हे सगळं त्या मुलीला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं ते एवढंच, की घरच्या कुत्र्याचा दात लागला तरी डॉक्टरांकडे जायचं असतं. ते सांगणं माझं काम होतं.

हे प्रत्येक घरात माहीत हवं

कुत्र्याचा दात किंवा नख लागून खरचटलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. चुना, हळद, तिखट, काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावं, उशीर झाला असला तरी जावंच, आणि सगळे डोस पूर्ण करावेत. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस द्यावी. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी उपचार झाले तर वाचतो. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टरला रेबीजची लस टोचली गेली, तेव्हा तो 9 वर्षांचा होता. म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलांएवढाच.

"पण परीक्षेत मार्क कसे मिळतील?"

पालक हे विचारतात आणि त्यांची काळजी खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात, मध्य, शेवट, परिच्छेद हे सगळं शिकवूया. पण आतला मजकूर मुलाचा असू द्या. पाठ केलेला निबंध एक ओळ विसरली की कोसळतो. पाहिलेलं विसरत नाही. आणि गुण आपल्याच हातात आहेत की! खरं लिहिणाऱ्याला चार आणि पाठ करणाऱ्याला आठ दिले, तर मुलं काय ते बरोबर ओळखतात. त्या मुलीने पुढच्याच निबंधात 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' असं लिहिलं. मोतीचं नावही नव्हतं. ते वाचून मला जास्त वाईट वाटलं.

प्रत्येकाकडे परसबाग नसते, हेही खरं. वरशात आता इमारतीत राहणारी मुलंही आहेत. त्यांच्या गॅलरीत तुळस असते, खाली रस्त्यावर कुत्रा असतो. लांबून बघूनही लिहिता येतं. अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, हेही तेव्हाच सांगून टाकावं.

मी आता मुद्दे देत नाही, प्रश्न देते:

1. तुमच्या घराजवळच्या कोणत्या झाडाची पानं गळली? नवी पालवी कोणत्या रंगाची आली?
2. झाडांना पाणी कोण घालतं? कधी आणि कुठून आणून?
3. दुपारी बारा वाजता कुत्रा कुठे बसतो? तिथेच का?
4. बागेत कोण न बोलावता येतं?
5. या महिन्यात तुम्हाला काय लागलं, चावलं, टोचलं? मग घरी काय केलं?

पाचवा प्रश्न कुठल्याच गाईडमध्ये सापडणार नाही. तो मी त्या मुलीमुळे घातला. दरवर्षी त्याची उत्तरं मी सगळ्यात आधी वाचते, आणि तेव्हा लाल पेन खाली ठेवलेलं असतं.

यंदा तुमच्या वर्गात, तुमच्या घरात हे प्रश्न विचारून बघा. उत्तर अशुद्ध असेल तर असू दे. आधी वाचा, मग तपासा.