उंदराच्या गुडघ्याचं संशोधन, तुमच्या खिशाला भुर्दंड

वसई-विरारमध्ये रिक्षांच्या मागे, सोसायटीच्या गेटवर, व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात हमखास दिसते: ‘नव्या संशोधनावर आधारित इंजेक्शन, ऑपरेशनशिवाय गुडघे बरे.’ तिचा फोटो दाखवून तुम्ही विचारता, ‘डॉक्टर, घेऊ का?’ आधी ते संशोधन पाहू. कारण संशोधन खरं आहे, खोटी आहे ती विक्री.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रचित अगरवाल यांचा गट संधिवातावर, म्हणजे गुडघ्याच्या झिजेवर काम करतो. गुडघ्यात टोचलेलं औषध फार काळ तिथे थांबत नाही, शरीर ते लवकर बाहेर काढतं. म्हणून या गटाने रॅपामायसिन हे औषध पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत भरलं. हा पॉलिमर तुम्हाला अनोळखी नाही. ऑपरेशननंतरचे आपोआप विरघळणारे टाके याच जातीच्या पदार्थाचे असतात. कण हळूहळू विरघळतो आणि औषध थोडं थोडं सुटत राहतं. रॅपामायसिन पेशीला स्वतःमधला कचरा साफ करायला लावतं, त्यामुळे कूर्चेच्या पेशी ताण सोसून टिकतात. 2020 साली हे काम प्रसिद्ध झालं. प्राथमिक प्रयोगांत हे कण उंदराच्या सांध्यात सुमारे 30 दिवस राहिले.

कल्पना सुंदर आहे. पण पुन्हा वाचा: बशीतल्या पेशी आणि उंदीर. उंदराचं वजन 25-30 ग्रॅम. तो विरार लोकल पकडायला पुलाचे जिने चढत नाही, वाडीत उकिडवा बसून खुरपत नाही, डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालत नाही. शिवाय रॅपामायसिन मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिलं जाणारं औषध आहे. माणसाच्या गुडघ्यात ते वर्षानुवर्षं काय करेल, हे माणसांवरच्या चाचण्यांनीच ठरेल. शास्त्रज्ञ घाईने दावे करत नाहीत. घाई करतात बातमीचा मथळा देणारे आणि तो मथळा फ्रेम करून दवाखान्यात लावणारे आमचेच काही व्यवसायबंधू.

मग आत्ता ‘नवं संशोधन’ म्हणून टोचलं जातं ते काय? बहुतेक वेळा पीआरपी, म्हणजे तुमच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्स. त्याच्या बाजूने बोलणारे लहान अभ्यास आहेत, हे मान्य. पण 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 288 रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना पीआरपी दिलं, निम्म्यांना साधं मिठाचं पाणी. वर्षभरानंतर दोन्ही गटांत ना दुखण्यात फरक, ना कूर्चेत. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची कथा याहून जुनी. 2006 मध्ये अमेरिकेत दीड हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत एकंदरीत त्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तरी वीस वर्षं आपण त्या लिहितोय आणि तुम्ही गिळताय.

तुम्हाला ‘गुडघ्यात गॅप पडला’ असं सांगून घाबरवलं जातं. एक्स-रेतली झीज आणि दुखणं यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की झीज तेवढीच राहूनही दुखणं कमी होतं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच-दहा सेकंद धरायचा, रोज. वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. याची जाहिरात रिक्षामागे नसते, कारण यात विकायला काहीच नाही.

आणि गुडघा खरंच निकामी झाला असेल, तर माणसात सिद्ध झालेले जैवपदार्थ आहेतच: कोबाल्ट-क्रोमियम आणि टणक पॉलिथिलीन. त्यांचा सांधा बसवायला घाबरून दोन-तीन वर्षं इंजेक्शनांवर पैसे घालवायचे, आणि मग त्याच ऑपरेशनसाठी दागिने मोडायचे, हे मी वारंवार पाहतो. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत जीएसटी वगळून 54,720 रुपयांवर बांधली. त्याआधी रुग्णाला तो दीड लाखाच्या पुढे पडायचा. नंतर दर थोडेफार बदलले आहेत, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

इंजेक्शनवाल्याला मात्र एवढंच विचारा: ही माणसांवर कुठल्या चाचणीत सिद्ध झालेली उपचारपद्धत आहे की प्रयोग? प्रयोग असेल, तर त्याचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक आणि तुमच्या भाषेतलं संमतीपत्र दाखवा म्हणा. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून औषधाचे पैसे घ्यायचे नसतात. काउंटरवर बिल आधी पुढे आलं, तर चप्पल घाला आणि घरी या.