धार लावायची की दात झिजवायचे?

वर्कशॉपच्या जर्नलमध्ये बेंच ग्राइंडरची आकृती आपण सगळ्यांनीच काढली. पण उद्या कोणी चेनसॉची चेन आणून म्हणाला, "भाऊ, एवढी धार लावून द्या," तर किती जण पुढे येतील?

आमच्या अल्लीपूरकडे हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. धुऱ्यावरची बाभूळ असो की वादळात पडलेला कडुनिंब, आता कुऱ्हाडीऐवजी पेट्रोलची मशीन येते. ती चालवणाऱ्याची रोजी त्या चेनवर असते. चेन धारदार असली की ढलप्या पडतात. बोथट झाली की पिठासारखा भुसा. मग माणूस जोर लावून मशीन दाबतो, पेट्रोल जास्त जाळतो, अन् अपघाताच्या जवळ जातो.

अशा वेळी चेन जाते वेल्डिंगच्या दुकानात. तिथे हँड ग्राइंडर किंवा दोन जाड दगडांचा साधा बेंच ग्राइंडर असतो. माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही चेनसाठी नाहीत. जाड दगड दाताच्या खाचेत बसत नाही, आणि त्याच्या बाजूवर दाब देणं म्हणजे दगड फुटण्याला आमंत्रण. १०० मिमीचा हँड ग्राइंडर ११,००० आरपीएमला फिरतो, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या वर. चेनच्या खास ग्राइंडरचा १४५ मिमीचा दगड २,८०० आरपीएमला जेमतेम २१ मीटर जातो. फरक उष्णतेत दिसतो. दात निळा पडला की पोलादाचं पाणी बिघडलं, ती धार टिकत नाही.

खास ग्राइंडर घेताना लोक मोटारचे वॅट विचारतात. आधी दगडाचा हात धरून आडवा हलवून पाहा. तिथे ढिलाई असेल तर मशीन परत ठेवा. १८ इंची पट्टीच्या चेनला तीसच्या वर दात असतात, अर्धे डावे, अर्धे उजवे. एका बाजूचे लांब राहिले की मशीन लाकडात वाकडी जाते. स्वस्त मशीन बहुतेक इथेच मार खाते. दगडही चेनप्रमाणे हवा: ०.३२५ इंच पिच आणि लो-प्रोफाइल ३/८ ला ३.२ मिमी, नेहमीच्या ३/८ ला ४.८ मिमी.

वापरताना सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा. कोन बहुतेक चेनना ३० अंश, पण त्या चेनचं माप पाहून घ्या. दगड टेकवा, उचला. दाबून धरू नका. दातापुढचा ठेंगणा उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असतो. "जास्त कापेल" म्हणून तो आणखी घासला की चेन लाकूड पकडते आणि मशीन उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. नवा दगड बसवण्याआधी लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहा: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर फेका. अन् गॉगल घालाच.

कोणी म्हणेल, गोल कानस असताना हे कशाला? रोजच्या धारेला कानसच बरी, हे मलाही मान्य. पण धुऱ्यावरच्या झाडात जुनी काटेरी तार, खिळे रुतलेले असतात. त्यावर चेन गेली की तीस दात हाताने सारखे करणं कठीण. तिथे ग्राइंडर लागतो. मात्र तो प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. गावात एक चांगला आणि तो चालवणारा एक जाणकार पुरे.

आपल्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. गावातलं कौशल्य गावात टिकावं, हा त्यामागचा विचार. आज गावात चेनसॉ पोचली, तिची दुरुस्ती मात्र अंदाजाने चालते. फायनल इयरला रोबोट जरूर करा. पण एखाद्या ग्रुपने साध्या बेंच ग्राइंडरला चेनचा शिकंजा, कोनाची पट्टी आणि दगडाचा योग्य वेग देऊन दाखवावा. व्हायव्हात मार्क किती मिळतील सांगता येत नाही. मशीन चालवणाऱ्याचा हात शाबूत राहील, एवढं नक्की.