नाचते की नाचविली जाते?

गेल्या वैशाखातील गोष्ट. आमच्या कड्याच्या पेठेतून एका घरची वरात चालली होती. हलगी आणि ताशा कडाडत होते, आणि नवरदेवाच्या पुढे एक नाचरी घोडी ठेक्यावर पाय टाकीत होती. मध्येच तिने पुढचे दोन्ही पाय उचलले, तेव्हा बघ्यांनी एकच आरोळी ठोकली. आमची आठ वर्षांची नात आमचे बोट धरून ओसरीवर उभी होती. तिने विचारले, "आजोबा, ही घोडी हौसेने नाचते की तिला मारून नाचवितात?" आम्ही म्हटले, "उद्या सांगतो." जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द निघतात तेव्हा त्याला उत्तर येत नसते, हे आमच्या वाचकांपैकी जे मास्तर असतील ते जाणतातच.

प्रश्न लहान तोंडचा, परंतु विषय लहान नव्हे. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेथे घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धा होतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. मुंबईच्या महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ पासून भारतीय डर्बीची शर्यत होत आली आहे. ऑलिंपिकमध्ये घोडे अडथळ्यांवरून उड्या घेतात. या साऱ्या ठिकाणी बक्षीस माणसाला मिळते आणि घाम घोड्याला येतो. तेव्हा घोडा हे आपखुशीने करतो की बळजबरीने, हे विचारणे प्राप्तच आहे. घोडेवाले शपथेवर सांगतात की मनात नसेल तर एवढ्या मोठ्या जनावराला कोण हलविणार? प्राणिमित्र तितक्याच आवेशाने सांगतात की तोंडात लोखंड आणि पाठीवर चाबूक असताना खुशी कसली? दोन्ही पक्ष बोलतात मात्र मुक्या जनावराच्या वतीने, आणि वकीलपत्र कोणाकडेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या घोडीच्या मालकाकडे गेलो. तो आमचाच जुना विद्यार्थी. आम्हाला पाहताच त्याने खाटेवर घोंगडी अंथरली, चहा सांगितला आणि आमचा प्रश्न ऐकून काही आडपडदा न ठेवता बोलू लागला. "गुरुजी, आधी दोन खुंटांच्या मधी दोन्हीकडून बांधायचं. मग हलगी सुरू करायची अन् पायाला काठी टेकवायची. पाय उचलला की काठी बाजूला, अन् तोंडात गूळ. काही महिन्यांनी काठी लागत नाही, नुसती हलगी ऐकली की पाय उचलते."

"टेकवायची की मारायची?" आम्ही विचारले.

"टेकवायची. नाहीच ऐकलं तर मारायची. तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू?" आणि मग किंचित हसून तो म्हणाला, "पण गुरुजी, हे तुम्ही मला विचारता? तुमच्या वर्गात 'राम' शब्द मी चालवत होतो, का माझ्याकडून चालवून घेतला जात होता?"

हा घरचा आहेर आम्ही मुकाट्याने स्वीकारला. परंतु पुढे तो जे बोलला त्याने आमची अधिकच पंचाईत झाली. तो म्हणाला, "अजून सगळा येतो मला. रात्री घोडीला चारा टाकताना म्हणतो कधी कधी. आवडतो. छडीनं शिकलेलं आवडायला कधी लागलं, ते मलाही सांगता यायचं नाही."

घरी येऊन आम्ही या विषयाचा आमच्या परीने अभ्यास केला. पहिली गोष्ट ही कळली की, घोड्याच्या शिक्षणात बळाचा अंश मुळातच असतो. लगामाचे लोखंड घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्या मधील मोकळ्या हिरडीवर बसते. ती जागा फार नाजूक. स्वार एका बाजूने ताण देतो, घोडा मान वळवितो, त्याच क्षणी ताण सुटतो. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस. टाचेचेही तसेच. चांगला स्वार इतक्या हलक्या हाताने आणि इतक्या वेळेवर ताण सोडतो की पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. वाईट स्वाराला सोडण्याची वेळ कळत नाही, म्हणून तो नुसता ओढीत राहतो. आपल्या कौटिल्याने अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक प्रकरणच लिहिले आहे, आणि स्वारीच्या घोड्याच्या चाली सांगताना केवळ खुणेसरशी वागणाऱ्या घोड्याचा वेगळा प्रकार नोंदविला आहे. ग्रीक देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या सेनानीने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. त्याचा अभिप्राय असा की, बळजबरीने करविलेले घोड्याला समजतही नाही आणि त्यात सौंदर्यही नसते. नर्तकाला टोचून नाचविण्यासारखेच ते. म्हणजे चाबूक उगारण्याआधी विचार करावा, हे शहाणपण कालचे नव्हे.

दुसरी गोष्ट, घोड्याला धावण्याची हौस नसते असे मात्र म्हणता येणार नाही. तो कळपाचा प्राणी. चार घोडे धावले की पाचवा उभा राहत नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत स्वार मध्येच पडला तरी त्याचा घोडा पुष्कळदा इतरांबरोबर धावतच राहतो. यात एक मौज आहे. असा मोकळा घोडा अडथळ्यापाशी आला की कधी उडी घेतो आणि कधी सरळ बगल देऊन पलीकडे जातो. म्हणजे धाव त्याची स्वतःची; उडी त्याची किती आणि स्वाराची किती, हा हिशेब निराळा.

आपल्याकडे हे पाहावयाचे तर आषाढीच्या वारीत रिंगणाला जावे. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडील दोन अश्व माउलींच्या पालखीबरोबर चालतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर माउली आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा. रिंगण लागले की हे दोन्ही अश्व भरधाव दौडतात आणि त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. त्या मोकळ्या पाठीच्या अश्वाला कोणी टाच मारीत नाही, कोणी लगाम ओढीत नाही. तोही शिकविलेलाच आहे आणि पुढे दुसरा घोडा आहे म्हणूनही धावतो, हे खरे. तरी त्याची ती दौड पाहून "हा बळजबरीने धावतो" असे म्हणावयास जीभ रेटत नाही.

आता याच्या उलट टोक पाहा. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. तेथे पंचक्रीडा नावाचा प्रकार आहे. त्यात खेळाडूंना घोडे चिठ्ठ्या टाकून मिळत आणि ओळख करून घ्यावयास अवघी २० मिनिटे मिळत. ६ ऑगस्ट रोजी आघाडीवर असलेल्या आनिका श्लॉय या जर्मन युवतीच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. त्याने आधीच एका स्वाराला दाद दिली नव्हती. तो बिथरला, हटून बसला. ती युवती रडत होती आणि चाबूक चालवीत होती. कुंपणाबाहेरून तिच्या शिक्षिका जोरात मारण्यास सांगत होत्या, आणि त्यांनी स्वतः घोड्याला एक ठोसाही लगावला. साऱ्या जगाने ते पाहिले. शिक्षिकेला स्पर्धेतून काढण्यात आले, आणि २०२४ च्या पॅरिसच्या ऑलिंपिकनंतर त्या क्रीडाप्रकारातून घोडेस्वारीच वगळण्यात आली. एका घोड्याच्या नकाराने शंभराहून अधिक वर्षांचा परिपाठ मोडला. परंतु आम्हाला लागून राहिले ते हे की, तो घोडा का अडला, हे त्या मैदानावर त्या वेळी कोणीही विचारले नाही.

घोड्याला विचारावयाचे कसे, असे कोणी म्हणेल. तर नॉर्वे देशातील संशोधकांनी ते करून दाखविले आहे. त्यांनी २३ घोड्यांना तीन खुणांच्या पाट्या शिकविल्या: अंगावर झूल घाला, झूल काढा, आहे तसेच राहू द्या. घोडा नाकाने पाटी दाखवी आणि त्याप्रमाणे केले जाई. पंधरवड्याच्या आतच सारे घोडे शिकले, आणि ऊन असता झूल काढा, पाऊस व गारठा असता झूल घाला, असे आपल्या गरजेप्रमाणे सांगू लागले. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. विचारणारा भेटला म्हणजे मुकी जनावरेही मुकी राहत नाहीत, एवढे तरी यावरून ठरते.

आमच्यासारख्याला अखेर व्याकरणाचाच आधार. नाचणे आणि नाचविणे, संस्कृतात नृत्यति आणि नर्तयति. पाणिनीने कर्त्याची ओळख स्वातंत्र्यावरून केली आहे: क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. आणि प्रयोजक रचनेत, म्हणजे एकाने दुसऱ्याकडून काम करविले असता, करविणाऱ्याला वेगळे स्थान मिळते खरे. परंतु ज्याच्याकडून करविले तोही मूळ क्रियेचा कर्ता राहतोच, त्याचे कर्तृत्व बुडत नाही. चाळीस वर्षांत हे आम्ही किती वेळा शिकविले असेल! त्याचा अर्थ आता उतारवयात लागतो आहे. करणाऱ्याला "न करण्याची" मोकळीक असेल तरच त्याला स्वतंत्र म्हणावयाचे. तेव्हा घोडी हौसेने नाचते की नाही, हे ती नाचत असताना कळणारच नाही. ती ज्या दिवशी नाचत नाही, त्या दिवशी मालक काय करतो, तेथे ते कळते.

आम्ही पुन्हा त्या विद्यार्थ्याकडे गेलो आणि हेच विचारले. तो म्हणाला, "मागं एका वरातीत उभीच राहिली. यजमान म्हणाला, पैसे मोजलेत, नाचव. माझाही हात काठीकडं गेला. पण खूर उचलून बघितला तर खडा रुतला होता. पैसे परत दिले अन् चालत घरी आणली." एवढे बोलून तो घोडीच्या मानेवरून हात फिरवू लागला. तिने मान त्याच्या खांद्याला टेकली.

ते पाहताना आम्हाला त्याच वर्गातला दुसरा एक मुलगा आठवला. आमच्या आष्टी तालुक्यातून, सबंध बीड जिल्ह्यातूनच, दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. तो मुलगाही आईबापांबरोबर दिवाळीनंतर जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येई. असाच तो परत आला असता आम्ही त्याला शब्द चालवावयास उभे केले. तो गप्प राहिला. आम्ही तो हट्ट समजलो आणि छडी चालविली. तरीही तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. नंतर कधीच आला नाही. तो नकार नव्हता, त्याला येत नव्हते; आणि येत नव्हते कारण चार महिने तो फडात मोळ्या वाहत होता. खूर उचलून पाहण्याचे आम्हाला सुचले नाही. आज आमच्यापुढे येऊन "छडीमुळे घडलो" म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि आमचा हा घोडेवाला त्यांच्यापैकीच. परंतु नाचणारी घोडीच तेवढी वरातीत येते. जी मोडली ती कोणाला दिसत नाही, आणि तिची साक्ष कोणी काढीत नाही.

'शिक्षा' या शब्दाचा संस्कृतातील अर्थ शिकणे, शिकविणे. आपल्या मराठीत मात्र त्याचा अर्थ दंड असा झाला. एका शब्दाच्या या घसरणीत आमच्या धंद्याचा सारा इतिहास आहे. पुढे २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला, आणि त्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील छडी बंद झाली. त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत कुरकुर करणाऱ्यांत आम्हीही होतो. आता ही मुले ऐकणार कशी, असे आम्ही म्हणत असू. मुले ऐकत राहिली. आम्हाला मात्र त्यांच्यापाशी जाऊन "काय झाले?" असे विचारावयास शिकावे लागले, आणि ते शिकावयास आम्हाला 'राम' शब्दाहून अधिक दिवस लागले.

नातीला आम्ही उत्तर दिले ते असे: "बाळ, तिला शिकविताना थोडे भय दाखविले आहे, थोडा गूळ दिला आहे, आणि आता तिला त्यात थोडी गोडीही वाटत असेल. पण तिचा मालक तिचे 'नाही' ऐकतो, म्हणून तिच्या 'होय'ला थोडा अर्थ आहे." तिला ते किती कळले, देव जाणे. ती घरातील गुळाचा खडा घेऊन घोडीकडे पळाली.

वाचकांना एवढेच सांगणे. लग्नसराई पुढे येतेच आहे. वरातीला घोडी सांगाल तेव्हा तिला आधी पाणी मिळाले आहे की नाही, ती सकाळपासून कितवी वरात करते आहे, हे पाहावे. कर्ण्यांच्या भिंतीपुढे तिला उभी करू नये. आणि ती थांबली तर यजमानाने आपण होऊन "राहू द्या" म्हणावे. तसेच घरातील एखादे मूल परवचा म्हणता म्हणता गप्प झाले, तर आधी आवाज चढवू नये, जवळ बसावे. पायात खडा रुतला असण्याचा संभव असतो.