जागा सरकारचीच, पण कोणत्या खात्याची?



परवा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, जमीन या खात्याची काय न त्या खात्याची काय, शेवटी सरकारचीच ना? गरिबाला घर मिळतंय तर तुम्ही सातबारा काय काढून बसता?" फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. (मास्तरला उत्तर सुचायला फळा लागतो!) म्हणून इथे लिहितो.

शाळेत डेड स्टॉक रजिस्टर नावाचं एक जाडजूड प्रकरण असतं. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे होता तेव्हा शेजारच्या गावच्या शाळेला चार बाक द्यायचे होते. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच. तरी आमच्या रजिस्टरला कमी दाखवा, त्यांच्या रजिस्टरला जमा करा, पोच घ्या, वर साहेबांची सही घ्या. मीही तेव्हा वैतागलो होतो. पण वर्षभराने त्यातला एक बाक मोडला, तेव्हा दुरुस्ती कोणी करायची यावर एक शब्दही झाला नाही. चार बाकांना हा नियम लागतो, मग चार एकरांना नको?

आपल्या जळगावचंच घ्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नगरपालिकेने घरकुल योजना काढली. हुडकोचं कर्ज, अकरा हजारांवर घरं बांधायचा संकल्प. पुरी झाली ती सुमारे दीड हजार. २००६ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जण दोषी ठरले. सुरेश जैन यांना सात वर्षं आणि शंभर कोटींचा दंड. शिक्षेविरुद्ध अपिलं झाली, त्यात मी पडत नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. सगळ्यांनी पैशाची चर्चा केली. ठेकेदाराला आगाऊ रक्कम किती दिली, व्याज किती बुडालं, वगैरे. पण ज्या जागांवर घरं बांधायला घेतली त्या पालिकेच्या मालकीच्या नव्हत्या आणि बिगरशेतीही झालेल्या नव्हत्या, हाही त्या प्रकरणातला आरोप होता. त्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. मला तर तोच सगळ्यात जड वाटतो. सतरा मजली इमारत उभारणाऱ्या पालिकेला सातबाऱ्याचं महत्त्व ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल?

जागा आधी नावावर आणि घर नंतर, हा क्रम उलटा झाला की मारला जातो तो राहायला येणारा. त्याच्या हातात चावी असते, कागद नसतो. कागद नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. पुढे दोन खात्यांचं बिनसलं तर अतिक्रमणाची नोटीस येते ती त्यालाच, जागा न घेता पाया खणणाऱ्या साहेबाला नाही! तो तोवर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. सरकारी भाषेत एक गोंडस शब्द आहे, 'आगाऊ ताबा'. म्हणजे आज ताबा घ्या, कागद मागाहून करू. हा 'मागाहून' कधी उजाडतो ते ज्याने तलाठी कार्यालयाचे हेलपाटे घातलेत त्याला विचारा.

खेड्यात तर आणखी गंमत. घरकुल मंजूर होतं, पण माणूस राहतो गायरानावर, नाहीतर पाटबंधारे खात्याच्या पट्ट्यात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी सोडवायला सांगितलं, त्याच वर्षी आपल्या राज्यानेही गायरान देण्यावर बंधनं घातली. त्यात चूक काही नाही, गुरांनी चरायचं कुठे? पण मग पर्यायी जागा दुसऱ्या खात्याकडून मिळवून देणं हे सरकारचं काम. तिथे मात्र फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आणि मंजूर घरकुल कागदावरच राहतं.

कोणी म्हणेल, खात्याखात्यांत वेळ हा लागतोच. खोटं! मनात असलं की लागत नाही. कुर्ल्याची मदर डेअरीची साडेआठ हेक्टर जागा दुग्धविकास खात्याची. २०२४ च्या जूनमध्ये ती धारावी पुनर्विकासासाठी द्यायचा शासन निर्णय निघाला, आणि कुर्ल्याचे लोक तिथे बाग मागत राहिले. तो निर्णय बरा की वाईट हा वाद निराळा. एवढं मात्र कळलं, की पशुपालनवाल्यांची जागा घरांसाठी देता येते. मग शिरपूर-चोपड्याच्या मजुरासाठी दोन गुंठे काढताना कायदा एवढा अवघड कसा होतो?

माझं मागणं मोठं नाही. ज्या खात्याने घरं बांधायची, त्याच्या नावाची फेरफार नोंद झाल्याशिवाय पहिला हप्ता सोडू नये आणि पहिली कुदळ मारू नये. उशीर झाला तर तो कोणाच्या टेबलावर झाला ते ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहावं. खडू मी देतो, घरात अजून दोन खोकी आहेत.

आणि भाच्या, तू पुण्यात फ्लॅट घेतलास तेव्हा वकिलाला पैसे मोजून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला होतास. मला कौतुकाने दाखवलाही होतास.