बस्ता बांधता येतो, मग गाडीचा भाव का नाही?

बायका आणि घासाघीस यावर आपल्याकडे आजवर किती विनोद झाले असतील, त्याची गणतीच नाही. कोथिंबिरीची जुडी घेऊन वर 'चार मिरच्या टाक गं' म्हणणारी बाई एकांकिकेत असते, व्यंगचित्रात असते, लग्नाच्या पंगतीतल्या गप्पांत तर हमखास असते. आपणही हसतो आणि सोडून देतो. पण मला एक विचारायचंय. घरातली सगळ्यात मोठी खरेदी होते, तेव्हा ही घासाघीस जाणणारी बाई नेमकी कुठे असते? मोटारीच्या शोरूममधल्या गुबगुबीत सोफ्यावर, हातात कॉफीचा कप धरून! आणि तिला प्रश्न एकच विचारला जातो, "मॅडम, रंग कोणता आवडला?"

मोठ्या, लांबलचक, चकचकीत गाड्या पुण्या-मुंबईतच दिसायच्या, ते दिवस गेले. आता आपल्या तालुक्याच्या गावातही डॉक्टरांच्या दारात, अडत्यांच्या पेढीसमोर, बागायतदाराच्या बंगल्यात अशी एखादी सेडान उभी असते. त्यात वावगं काहीच नाही. कष्टाने कमावलं, हौस केली, बिघडलं कुठे? चांगल्या गाडीत जीव सुरक्षित राहतो, हेही खरंच. हौसेला मोल नाही असं म्हणतात. पण मोल असतंच, मैत्रिणींनो, आणि ते कुणाच्या पिशवीतून जातंय तेही बघायला हवं.

आमच्या वन्सं जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. भावोजींचा धान्याचा व्यापार. त्यांनी अशीच एक मोठी सेडान घ्यायचं ठरवलं, शोरूमची किंमत ५० लाख. सुरुवातीला भरायच्या रकमेत १५ लाख वन्संच्या निवृत्तीच्या पैशातले होते. मुलाने आणि भावोजींनी मॉडेल ठरवलं, व्हेरियंट ठरवलं, बँक ठरवली. वन्संनी काय ठरवायचं? रंग! त्या मला फोनवर म्हणाल्या, "वहिनी, तू पतसंस्थेत हिशेब बघतेस ना, जरा कागद बघायला ये." मी गेले. पुढे जे सांगणार आहे, ते त्या कागदावरूनच.

पहिली गोष्ट, गाडीची किंमत हा एक आकडा नसतोच. एक्स-शोरूम ५० लाख म्हणजे गाडी ५० लाखांत दारात आली, असं नाही. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर १३ टक्के, म्हणजे साधारण साडेसहा लाख. डिझेलला १५ टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे आणखी ५० हजार. मग विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, हँडलिंग चार्जेस. वन्संच्या कागदावर बेरीज साठ लाखांच्या पुढे गेली होती.

आता या यादीत भाव कशाचा करायचा आणि कशाचा नाही, हे आधी वेगळं काढावं. आपण तांदूळ निवडतो तसं. रस्ता कर सरकारचा, तो कमी होणार नाही. टीसीएस भरावाच लागतो, पण तो बुडत नाही. ज्याच्या पॅनवर भरला, त्याला आयकर विवरणपत्रात तो वळता करून मिळतो. त्याची पावती मात्र जपून ठेवायची. जीएसटीही सरकारचा. दीड लिटरपेक्षा मोठ्या इंजिनच्या गाड्यांवर पूर्वी उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. "मॅडम, तुमच्यासाठी इतकी किंमत कमी केलीय" असं कुणी सांगितलं, तर विचारावं, सरकारने कमी केलेलं किती आणि तुम्ही किती?

बाकी सगळ्यात जागा आहे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती कायद्यात कुठेही नाही. बाहेरून दोन कंपन्यांचे आकडे मागवावेत. जुनी गाडी देऊन नवी घेत असाल आणि जुन्या विम्यात दावा केलेला नसेल, तर 'नो क्लेम बोनस' नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. तो सलग पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो. हा बोनस गाडीचा नसतो, ज्याच्या नावावर पॉलिसी त्याचा असतो. जुनी गाडी सोडताना बऱ्याच जणांच्या हे लक्षातच राहत नाही. हँडलिंग चार्जेस म्हणजे नक्की कशाचे, ते शांतपणे विचारावं. वन्संनी विचारलं, "गाडी गोडाऊनमधून इथे आणायचे पैसे आमच्याकडून? मग किराणावाल्याने पोतं आत आणायचे पैसेही लावायचे का?" पोरगा बिचारा हसला आणि आत साहेबांना विचारायला गेला.

शेवटी काय झालं? विमा बाहेरून घेतला, ४५ हजार वाचले. हँडलिंगचे २५ हजार गेले. मॅट, कव्हर, कोटिंग यांचे ६० हजार बिलातून निघाले. जुन्या गाडीची किंमत ४० हजारांनी वाढून मिळाली. सगळे मिळून १ लाख ७० हजार. भावोजी म्हणाले, "एवढ्याशासाठी दोन तास?" वन्संनी उत्तर दिलं नाही, नुसतं बघितलं. १ लाख ७० हजार म्हणजे 'एवढंसं' कधीपासून झालं?

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या गाडीला भाव करणं शोभत नाही. त्यांना एक खरी गोष्ट सांगते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींची खरेदी. देशभर बातमी झाली. लोकांना दिसला तो थाट, पण मला त्यात दिसला तो व्यवहार. एकट्याने गेलं की आपण गिऱ्हाईक असतो. दीडशे जण मिळून गेलं की कंपनी आपल्याकडे येते. स्टेट बँकेने त्यांना ७ टक्के दराने कर्ज दिलं, तेही घासाघिशीनेच. आणि ही युक्ती आपल्याला नवी आहे का? लग्नाचा बस्ता बांधायला आपण काय करतो? आहेराच्या साड्या, नवरीचा शालू, मानाची वस्त्रं सगळी एका दुकानात, एका बैठकीत. शेवटी 'एवढा बस्ता बांधलाय, आता काय करता बोला' म्हणतो. औरंगाबादकरांनी मर्सिडीजचा बस्ता बांधला, एवढंच!

तेव्हा घासाघीस ही गरिबाची गोष्ट नाही आणि फक्त बाईची तर नाहीच नाही. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. भाजीच्या पाटीपुढे उन्हात बसलेल्या म्हातारीशी आपण दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि एसीत बसलेल्या टायवाल्यापुढे गप्प बसतो, हे उलटं आहे. जिथे समोरच्याच्या ताटातलं जाईल तिथे हात आखडावा, जिथे नफ्यातलं जाईल तिथे सोडू नये.

भाव करण्याचे आपले नियम शोरूममध्ये जसेच्या तसे चालतात. एक, दोन दुकानं फिरायची. दोन शहरांतल्या शोरूमकडून लेखी कोटेशन घ्यायचं, तोंडी नाही. दोन, गरज दाखवायची नाही. "दसऱ्याला गाडी दारात हवीच" असं म्हटलं, की आपला पत्ता उघडा पडला. मुहूर्ताने गाडी आणायची असेल तर खुशाल आणा, पण भाव त्याच्या बराच आधी पक्का करा. पितृपक्षात शोरूम ओस असतात, तेव्हा बोलणी करायला कसला दोष? तीन, माल उलटापालटा करून बघायचा. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारायचं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली, तर आर.सी.वर उत्पादनाचं साल मागचंच लागतं आणि पुढे विकताना ती एक वर्ष जुनीच धरली जाते. तशी घ्यायची तर तेवढी सूट मागून घ्यायची. चार, जुन्या गाडीचा भाव आणि नव्या गाडीचा भाव वेगवेगळा करायचा. एकत्र केला की एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने कधी गेलं ते कळत नाही.

आणि पाचवं म्हणजे 'हप्ता किती बसेल?' हा प्रश्न आपण पहिला विचारायचाच नाही. हप्ता कमी करणं सगळ्यात सोपं, मुदत वाढवली की झालं. २० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेएकेचाळीस हजार, सात वर्षांसाठी घेतलं तर बत्तीस हजारांच्या आसपास. ऐकायला किती गोड! पण पाच वर्षांत व्याज जातं ४ लाख ९१ हजार आणि सात वर्षांत ७ लाख ३ हजार. वर दोन लाख बारा हजार मोजले, ते कशाचे? 'फ्लॅट रेट' हा शब्द ऐकला तर कान टवकारा. १० लाखांवर ६ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांत ३ लाख व्याज. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर अकरा टक्क्यांच्या जवळ जातो. भिशी चालवणाऱ्या बाईला हे समजायला फार वेळ लागत नाही.

हे झालं किमतीचं. पण किंमत आणि मोल यांत फरक असतो. सोनं घेतलं तर मोडताना घडणावळ जाते, सोनं राहतं. गाडीचं तसं नाही. विम्याच्या रूढ तक्त्यात पहिल्या वर्षातच १५ टक्के घट धरतात आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी. ५० लाखांचे पाच वर्षांत २५ लाख. म्हणजे वर्षाला ५ लाख, दिवसाला जवळजवळ १,३७० रुपये, गाडी जागची हलली नाही तरी! करात आणि विम्यात गेले ते वेगळेच. शिवाय आपल्या गावाचा विचार हवा. सर्व्हिस सेंटर किती कोसांवर? टायर फुटला तर तो इथे मिळेल की पुण्याहून यायला आठवडा लागेल? आपल्या आळीतल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं का? म्हणून टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नाही, आपल्या गल्लीत घ्यावी.

हा हिशेब मांडल्यावर वन्संच्या घरी एक छोटा बदल झाला. वरचं व्हेरियंट सोडून त्याखालचं घेतलं, ५ लाखांनी कमी. त्याबरोबर रस्ता कर ६५ हजारांनी आपोआप उतरला. काचेचं छत गेलं, पण उन्हाळ्यात ४२ डिग्रीला ते कोण उघडणार होतं? वन्संच्या १५ लाखांतले ५ लाखच गाडीत गेले. १० लाख त्यांच्या नावावर बँकेत आहेत, व्याज देताहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे तुमचे असतील तर कागदावर नावही असू द्या. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान अचानक गेले. गाडी त्यांच्या एकट्याच्या नावावर. वारसाची कागदपत्रं, दीर-सासऱ्यांच्या सह्या, आर.टी.ओ.च्या खेपा यांत गाडी वर्षभर ताडपत्रीखाली उभी राहिली. विकताही येईना, चालवताही येईना. २०२१ पासून आर.सी.वर नॉमिनीचं नाव लावायची सोय झाली आहे. नवी गाडी नोंदवताना लावता येतं, नंतरही लावता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते सांगायला कुणीतरी त्या टेबलाशी बसलेलं हवं.

तेव्हा सख्यांनो, तुमच्या घरात गाडीचा विषय निघाला की सोफ्यावर बसू नका, टेबलाशी खुर्ची ओढून घ्या. वही-पेन काढा. "सगळं धरून किती, त्यातलं सरकारचं किती, तुमचं किती, आणि पाच वर्षांनी यातलं उरणार किती?" एवढे चारच प्रश्न विचारा. कुणी म्हणेल, बाई फार चिकित्सा करते. म्हणू द्या. पंचवीस वर्षं महिन्याच्या पगारात महिना बसवला, तो याच चिकित्सेच्या जोरावर. आणि हो, रंगही तुम्हीच निवडा. पण सगळ्यात शेवटी!