भुताचे लुगडे

मराठी मालिकेत वाड्यातला दिवा विझला की जिन्यावरून पांढरी साडी उतरणार, हे शेंबडे पोरही सांगेल. केस मोकळे, पदर लांब, साडी परीटघडीची. ही साडी भुताच्या अंगावर आली कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्याकडे सुवासिनी गेली तर तिला हिरवे लुगडे नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवा जन्मभर तांबड्या आलवणात वावरल्या. आपली भुतावळही मोठी काटेकोर. सुवासिनी मेली तर जखीण, बाळंतपणात गेली तर अळवंतीण, विधवा असेल तर लावसट. ज्या समाजाने मेल्यावरही बाईची अवस्था विसरू दिली नाही, त्याची भुते जुन्या वाड्यात यायचीच तर हिरव्यात किंवा तांबड्यात यायला हवीत. पांढरे नेसवले ते हिंदी सिनेमाने. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वो कौन थी’ (१९६४) कृष्णधवल होते. रात्रीच्या काळोखात पांढऱ्याइतके दुसरे काही उठून दिसले नसते. पावसातल्या साधनाच्या अंगावर ती साडी शोभलीही. पुढे पडद्यावर रंग आले, गरज सरली, साडी तेवढी उरली.

असे तिकडेही झाले आहे. ड्रॅक्युलाच्या झग्याची ती उंच कॉलर मुळात रंगभूमीवरची युक्ती. नट पाठमोरा झाला की डोके कॉलरआड जाई आणि रंगमंचातल्या चोरदारातून त्याला गुपचूप निसटता येई. बेला लुगोसीच्या १९३१च्या चित्रपटानंतर काळा झगा म्हणजेच ड्रॅक्युला असे होऊन बसले. १९९२ साली फ्रान्सिस फोर्ड कपोलाने मात्र नेपथ्याचा भार कपड्यांवर टाकायचे ठरवले आणि काम दिले एइको इशिओका या जपानी बाईंना. त्यांनी ड्रॅक्युलाला सोललेल्या स्नायूंसारखे दिसणारे लाल चिलखत घातले. ड्रॅक्युलाची बळी ठरून मेलेल्या लूसीच्या पांढऱ्या झग्याची कॉलर तर चवताळलेल्या सरड्याच्या गळपट्टीसारखी फुलवली. म्हणजे रंग पांढराच, पण त्यात विचार होता. त्या कामाला ऑस्कर मिळाले.

आमच्याकडे पैसे नाहीत, हे उत्तर ठरलेले. ते खरेही असेल. पण तांबडे आलवण पांढऱ्या साडीपेक्षा महाग पडते, असे कोणता निर्माता म्हणेल? महाग पडते ते आजीला चार प्रश्न विचारणे.

‘तुंबाड’च्या (२०१८) भुताच्या, म्हणजे हस्तरच्या अंगावर वस्त्र म्हणून असतो तो एक लंगोट. खर्च म्हणाल तर हातभर कापड. पण सोन्याची नाणी त्या लंगोटातच आहेत. म्हणून कथानायक विनायकराव उघड्या अंगाने हस्तरच्या विहिरीत खाली उतरतो, कणकेची बाहुली टाकतो आणि हस्तर ती खाण्यात गुंतला की लंगोटाला हात घालतो. अख्ख्या कथेची हाव एका गाठीत बांधलेली. विनायकाच्या पोराला तर नाण्यांवर समाधानच नाही; तो म्हणतो, लंगोटच पळवू. त्यासाठी बापलेक एकाऐवजी ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. (चित्रपट न पाहिलेल्यांनी इथेच थांबावे.) लंगोट अखेर हाती लागतो, पण तोवर विनायकाचा माणूसपणा गेलेला असतो. तो हात लांबवून तेच फडके मुलापुढे धरतो. मुलगा ते घेत नाही.